पिनेच्या छिद्रावरची मोहोर

खंडेनवमीच्या दिवशी नाझरांनी आपल्या घरातल्या राऊटरच्या पाठीवरील छिद्रावर लाखेची मोहोर केली. त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी तोच राऊटर, घरातल्या कोणी हात न लावता, कारखान्यातून आला तसा कोरा झाला. दुसऱ्या दिवशी नाझरांच्या जोडणीवरून एका मुख्याध्यापिकेविषयी गलिच्छ मजकूर समाजमाध्यमावर टाकण्यात आला. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पोलिसांची नोटीस आली. चंपाषष्ठी उलटताच नाझरांच्या कन्येला शाळेने चौकशी होईपर्यंत घरी बसवले. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेचे पाळणे उभे राहत होते, त्या आठवड्यात ती निर्दोष ठरली.

जबाबदार पक्ष असे: पहिला, आमच्या वसाहतीला इंटरनेट पुरवणारी कंपनी, जिने प्रत्येक घराला एकच परवलीचा शब्द वाटला. दुसरा, त्या कंपनीचा तांत्रिक व्यवस्थापक, ज्याने यंत्र डोळ्यांनी न पाहता त्याविषयी लेखी विधान केले. तिसरा, शाळेची चौकशी समिती, जिने ते विधान पुरावा म्हणून स्वीकारले. चौथा, आमच्या वसाहतीची कार्यकारिणी, जिने या धोक्याविषयी मी वेळेत दिलेले परिपत्रक वाचण्याचीही तसदी घेतली नाही. तारखा तिथींनी दिल्या आहेत याचे कारण एवढेच की मूळ प्रकरण अद्याप न्यायप्रविष्ट आहे आणि मला कोणाच्या खटल्याला धक्का लावायचा नाही. हे मी रागाने लिहीत असलो, तरी मनावरचे ओझे उतरलेले आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

नाझर हे त्यांचे नाव नव्हे, हुद्दा. दिवाणी न्यायालयात जप्तीचा माल, बेलिफांच्या फेऱ्या आणि कोर्टाने बंद केलेल्या खोल्यांची दारे ज्याच्या ताब्यात असतात, तो नाझर. निवृत्तीनंतर हुद्दा सरकारजमा होतो. यांचा झाला नाही. वसाहतीत त्यांचे खरे नाव फक्त विजेच्या बिलावर असे. मी स्वतः एका सरकारी कार्यालयात मसुदे लिहिण्यात आयुष्य घालवले, आणि निवृत्तीनंतरही अन्याय दिसला की कागद पुढे ओढतो. म्हणून ते मला ‘अर्जदार’ म्हणत. “या अर्जदार, आज कुणाच्या विरुद्ध?” हे त्यांचे स्वागत. मी पायरी चढण्याआधीच ते ऐकू येई.

वळसंगच्या शेतकरी घरातला हा माणूस. कोर्टात चाळीशी लावून शुद्ध, छापील मराठी बोले. घरी आला, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, की वळसंग तोंडात परत येई. त्यांच्या दोन ओळखी होत्या. पहिली म्हणजे “समक्ष काय?” हा प्रश्न. कोणी काहीही सांगितले की तो यायचाच. कालच्या लग्नात मठ्ठा आंबट होता असे म्हणा, “समक्ष काय?” वरच्या मजल्यावरच्या सुनेचे सासूशी वाजले असे म्हणा, “समक्ष काय?” ‘नाही, ऐकले’ असे उत्तर आले की ते मान फिरवून पानाचा डबा उघडत. त्या विषयाचा निकाल तेथेच लागलेला असे.

दुसरी ओळख म्हणजे मोहोर. निवृत्त होताना कोर्टाची मोहोर अर्थातच कोर्टात राहिली. मग त्यांनी एका तांबटाकडून स्वतःची पितळी मोहोर घडवून घेतली. तिच्यावर नाव नव्हते, नांगर होता. “कोर्टाची कोर्टाला. ही माझ्या बापाच्या रानाची,” असे ते सांगत. लाखेची कांडी, मेणबत्ती, सुतळी आणि चिठ्ठ्या कापण्याची कात्री एका पत्र्याच्या डब्यात तयार असे. गॅसची टाकी आली की कंपनीचे सील तपासून त्यावर स्वतःचे करत. कैरीच्या लोणच्याची बरणी त्यांच्या मोहोरेखाली असे. वहिनी हयात असताना एकदा मी तेथे जेवायला बसलो होतो. लोणचे मागितले, तर वहिनी म्हणाल्या, “भावजी, थांबा. आधी कोर्ट उघडावं लागतंय. यांची सही झाली की वाढते.”

एकदा वेळापूरला नात्यातल्या लग्नासाठी सारे कुटुंब निघाले. रिक्षा दारात, आणि नाझर दाराच्या कडी-कोयंड्याला सुतळी बांधून लाख टपकवत उभे.

“अहो, कुलूप कुठे आहे?” मी विचारले.

“मोहोर हाय की.”

“कोणी दार ढकलले तर?”

“ढकलू द्या.”

“म्हणजे चोरी झाली तरी चालेल?”

“अर्जदार, तुमी लई कायदा वाचताव, पर माल कवा जप्त केला न्हाई.” ते लाखेवर फुंकर मारत म्हणाले. “कुलूप फोडून, आत जाऊन, दुसरं कुलूप लावून माणूस सरळ चेहऱ्यानं हिंडतोय. मी बघितलेत तसले. ही मोडली, की मी आत गेलोच न्हाई असं म्हणायची त्याची सोय जाते.”

मी त्या दिवशी माझे स्वतःचे कुलूप त्यांच्या दाराला लावले. परतल्यावर त्यांनी माझ्यावर अनधिकृत हस्तक्षेपाचा ठपका ठेवला आणि आठवडाभर चहा दिला नाही.

कन्या वडिलांजवळच राहत असे. शहरातल्या एका मुलींच्या शाळेत ती गणित शिकवे. वसाहतीत सारे तिला ताई म्हणत. वहिनी गेल्यावर घर तिनेच सांभाळले. तिच्या कामासाठी म्हणून इंटरनेटची जोडणी घेतली गेली. तारेतून येणारे इंटरनेट हवेतून घरभर वाटणारी डबी, म्हणजे राऊटर, बसवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा मी तेथे हजर होतो. समक्ष.

“पासवर्ड लिहून घ्या काका,” तो म्हणाला. “कंपनीचं नाव, पुढं एक दोन तीन.”

“हा आमचा की सर्वांचा?” मी विचारले.

“समद्यांचा सेमच असतंय की. विसरायचं काम न्हाई.”

“म्हणजे या गल्लीतला कोणीही माणूस कोणाच्याही जोडणीत शिरू शकतो?”

“शिरतंय कोण काका? समद्यांकडं हायच की नेट.”

मी त्याच्या नोंदवहीत आक्षेप लिहिण्याची परवानगी मागितली. नोंदवही नव्हती. ताईने मात्र तेवढ्यातच शब्द बदलून स्वतःचा घातला. मग त्या माणसाने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली: राऊटरचा कारभार हापिसातूनही करता येतो, ती सोय चालूच ठेवली आहे, म्हणजे तुम्हाला हेलपाटा नको.

नाझर पानाला चुना लावत होते. ते थांबले. “हापिसातनं म्हंजे? माझ्या घरात येणार कोण?”

“येणार कोण न्हाई. नुसती सेटिंग बदलता येते.”

“माझ्या परवानगीबिगर?”

“तुमालाच बरं पडतंय ते, काका.”

तो गेल्यावर नाझरांनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि निर्णय दिला: हिच्या अंगावर जेथे जेथे भोक आहे तेथे मोहोर पाहिजे. हवेतून चालणाऱ्या वस्तूला लाखेने बंदिस्त करता येत नाही, हे मी त्यांना तऱ्हेतऱ्हेने समजावले. भिंतीतून लहरी जातात म्हटल्यावर त्यांनी विचारले, “वॉरंट नसताना?” ताई हसून हसून खाली बसली. नाझरांनी तारांची टोके, बटणे, हवा खेळण्याच्या फटी, सारे मोहोरबंद केले. तो चैत्र होता. दुपारी पंखासुद्धा गरम हवा फेकतो असे आमचे दिवस. त्यात ती डबी श्वास कोंडून तापली, लाख वितळून टेबलावरच्या सोलापुरी टॉवेलवर ओघळली आणि इंटरनेट बंद पडले. कंपनीचा तोच माणूस पुन्हा आला. “काका, मशीनला जरा दम घेऊ द्या की,” एवढेच म्हणाला आणि नखाने लाख खरवडू लागला. नाझर त्याच्याकडे, देवघरात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होते.

दरम्यान मी वसाहतीसाठी परिपत्रक तयार केले. कंपनीने दिलेला शब्द बदला. हवेतल्या जोडणीचा शब्द वेगळा आणि राऊटरच्या कारभाराचा शब्द वेगळा ठेवा. बाहेरून कारभार करण्याची सोय बंद करा. बटण दाबून कोणालाही जोडणारी सोय असेल तर तीही बंद करा. यंत्राच्या आतली आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करा. यात कोणाला न कळण्यासारखे काय आहे, ते मला आजही उमगलेले नाही. अध्यक्ष म्हणाले, “काका, दर आठवड्याला तुमचा एक कागद असतोय. फाईल फाटाय लागली की.” ताई सोडून एकाही घराने काही बदलले नाही. माझ्याकडे जोडणी दुसऱ्या कंपनीची असल्याने, ‘तुम्हाला काय करायचंय’ असेही मला ऐकवण्यात आले.

खंडेनवमीला नाझर घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा करत: विळा, कात्री, पितळी मोहोर. त्या वर्षी त्यात राऊटर आला. हळद-कुंकू झाले, झेंडूचे फूल वाहिले, आणि मग त्यांनी मला पंच म्हणून बोलावले. या वेळी ते शहाणे झाले होते. फटी मोकळ्या ठेवल्या. फक्त पाठीवरच्या त्या बारीक छिद्रावर, ज्यात पिन घालून दाबले की यंत्र सगळे विसरून कोरे होते, एक कागदाची चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर माझी सही, त्यांची सही. वर लाख, लाखेवर नांगर. बोटाला लागलेले कुंकू ओल्या लाखेत पडले आणि मोहोर जरा तिरपी उमटली. नाझर चडफडले. ताईने त्या अवस्थेतच छायाचित्र काढले आणि नातलगांच्या गटात पाठवले: ‘अण्णांनी इंटरनेट जप्त केले.’ वळसंगहून तिच्या चुलत्याने लगेच विचारले, ‘जामीन कोण राहणार?’

त्रिपुरी पौर्णिमेच्या सकाळी ताई शाळेला निघण्याच्या घाईत असताना जोडणी तुटली. तिने कंपनीला फोन केला. तिकडून उत्तर आले, “मॅडम, एक दोन तीन टाकून बघा, चालू होतंय.” तिने टाकले. चालू झाले. संध्याकाळी पुन्हा स्वतःचा शब्द घालू, असे ती मनाशी म्हणाली. पण संध्याकाळी पाण्याची पाळी होती, घरी तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका होत्या. पुढचे सर्व मी आरंभी नोंदवले आहे.

तो मजकूर कसा होता ते लिहिणे मला शक्य नाही. ज्या मुख्याध्यापिकेबद्दल तो होता, तिच्याशी ताईचा ज्येष्ठतेवरून वाद होता आणि ताईच्या दोन लेखी तक्रारी शाळेच्या दप्तरात होत्या. त्यांचा मसुदा माझा. तो सभ्य होता, नियमांवर आधारलेला होता आणि त्यातला एक शब्दही मी आज बदलणार नाही. पण समितीपुढे त्याच तक्रारी हेतूचा पुरावा म्हणून वाचून दाखवल्या गेल्या. हेतू सापडला होता, जोडणी सापडली होती. हवी होती ती फक्त व्यक्ती, आणि ती तर समोर बसली होती.

ताईने सांगितले की पौर्णिमेच्या सकाळीच शब्द पुसला गेला होता, गल्लीतला कोणीही आमच्या जोडणीत शिरू शकत होता. पोलिसांनी कंपनीला विचारले. कंपनीचे उत्तर आले, त्याची प्रत ताईला मिळाली. ते वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘ग्राहकाने अथवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीने यंत्राचे रिसेट बटण दाबल्यामुळे यंत्र मूळ स्थितीत गेले असून त्यास कंपनी जबाबदार नाही.’

या वाक्याने काय केले ते पाहा. तोवर ती संशयित होती. आता ती कट करणारी ठरली. आधी स्वतःच दार उघडे टाकायचे, आदल्याच दिवशी, म्हणजे नंतर ‘कोणीही आत आले असेल’ असे म्हणता येते. समितीतल्या एका सदस्याने हे तिला तोंडावर ऐकवले. गणित शिकवणारी ती बाई, तिला त्या मांडणीतली सुसंगती कळत होती, आणि म्हणूनच ती घरी येऊन बोलेनाशी झाली. शाळेतल्या मुली रस्त्यात दिसल्या तर ती दुसऱ्या बाजूने जाई.

आणि नाझर? त्यांचे ‘समक्ष काय’ थांबले. लोक येत, हळहळत, कुठेतरी ऐकलेले सांगत. ते नुसते ऐकून घेत. त्या माणसाने ऐकीव गोष्ट ऐकून घ्यावी, याचाच मला अधिक धसका बसला.

कंपनीच्या पत्राला उत्तर द्यायचे म्हणून मी एका दुपारी त्यांच्याकडे बसून ते मोठ्याने वाचत होतो. ताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

“बटण म्हंजे कुठलं?” नाझरांनी मध्येच विचारले.

“पाठीवर असते ते. छिद्रात. पिन घालून दाबायचे.”

“मागं? बारीक भोक?”

“तेच.”

ते खुर्चीच्या हातावर तळवे टेकून उठले. “अर्जदार, त्या भोकावर माझी मोहोर हाय.”

स्वयंपाकघरातली थाप थांबली. मी राऊटरकडे हात नेला, तोच ते ओरडले, असे की समोरच्या घरातले कुत्रे भुंकू लागले. “हात लावू नका! कुणी हात लावायचा न्हाई त्याला! पोरी, तू पण न्हाई. पंच बोलवा.”

“अहो, मीच पंच आहे.”

“तुमी जुन्या कामाचे. उघडायला नवे लागतात.”

सायबर शाखेच्या उपनिरीक्षक बाई दुसऱ्या दिवशी आल्या. तरुण, नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांनीही सहज राऊटर उचलायला हात पुढे केला आणि नाझर टेबलाआड उभे राहिले.

“बाईसाहेब, पंच कुठायत?”

“काका, मी नुसतं बघतेय.”

“बघा की. लांबनं. हात पंचांसमक्ष.”

मला वाटले, आता सरकारी कामात अडथळ्याचे कलम लागते. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग नाझरांकडे, आणि शिपायाला म्हणाल्या, “दोन माणसं बोलवा शेजारची. काकांचं बरोबर आहे.” नाझरांचा ताठ झालेला खांदा किंचित खाली आला. महिन्याभरात त्यांना ‘बरोबर आहे’ म्हणणारे ते पहिलेच माणूस.

पंच आले. मोहोर अखंड होती. बाईंनी रास्त शंका काढली: ही कालच केली नसेल कशावरून? लाख तुमची, मोहोर तुमची, सह्या तुमच्याच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मोहोरेवर कोणी शंका घेतली होती.

उत्तर ताईने दिले. पदराला हात पुसत ती आली, मोबाइलवर बराच मागे गेली आणि ते थट्टेचे छायाचित्र बाईंपुढे धरले. बाईंनी ते मोठे केले. तिरपा नांगर, डावीकडे ओघळून थबकलेला लाखेचा थेंब, त्यात रुतलेला कुंकवाचा कण. मग त्यांनी खाली वाकून राऊटरवरची मोहोर पाहिली. तोच नांगर, तोच थेंब, तोच कण. तापलेली लाख पुन्हा त्याच आकारात पडत नाही, हे कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नाही. छायाचित्र खंडेनवमीला नातलगांना गेलेले, चुलत्याचा जामिनाचा विनोद त्याच्याखाली.

“म्हणजे बटण कोणी दाबलंच नाही,” बाई स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या.

“समक्ष,” नाझर म्हणाले.

त्यानंतर कंपनीला वेगळा प्रश्न गेला: बटणाशिवाय यंत्र कोरे होण्याचा दुसरा मार्ग कोणता? आणि आता दप्तरात नोंद सापडली. पौर्णिमेच्या पहाटे कंपनीने आपल्या कार्यालयातून वसाहतीतल्या यच्चयावत यंत्रांना एक आज्ञा पाठवली होती, त्यात सगळी मूळ स्थितीत गेली. बाकीच्यांना पत्ता लागला नाही, कारण बाकीच्या घरांत एक दोन तीनच होते आणि एक दोन तीनच राहिले. शब्द बदललेले एकच घर होते, म्हणून तुटले ते एकच. जिने काळजी घेतली, तीच आरोपी झाली. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ अन्यायकारक आदेश वाचले आहेत. यापेक्षा निर्लज्ज मांडणी वाचलेली नाही.

एक दोन तीन टाकून नाझरांच्या जोडणीत शिरलेला खरा माणूस पोलिसांना सापडला. शाळेशी संबंधित, आमच्याच गल्लीत भाड्याने राहणारा, दोघींच्या वादाची इत्थंभूत माहिती असलेला. याहून अधिक मी लिहिणार नाही. पोलिसांचे पत्र शाळेला गेले, समितीने आपला आदेश मागे घेतला, आणि ताई पुन्हा वर्गावर उभी राहिली. मुलींनी फळ्यावर काहीतरी लिहून ठेवले होते म्हणे. काय, ते तिने सांगितले नाही. पण सांगताना ती हसली, आणि तेवढे मला पुरले.

पत्र आले त्या दुपारी नाझर खुर्चीतच झोपी गेले. तोंड उघडे, चाळीशी छातीवर, पान न खाल्लेले. कित्येक दिवसांची झोप त्यांच्यावर एकदम कोसळली असावी. मी आणि ताई राऊटर घेऊन बसलो. तिने स्वतः विकत आणलेला नवा राऊटर कंपनीच्या डबीच्या पुढे जोडला, म्हणजे कंपनीचा हात कंपनीच्याच डबीपर्यंत पोहोचावा. बाहेरून कारभाराची सोय बंद. बटणाने जोडण्याची सोय बंद. आतली आज्ञावली ताजी. कारभाराचा शब्द वेगळा, घराच्या जोडणीला चार असंबद्ध शब्दांचे लांब वाक्य, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी निराळी जोडणी. “काका, ही पाहुण्यांची ओसरी,” ताई म्हणाली. “बसा, चहा घ्या, नेट वापरा. माजघरात यायचं नाही.” मला हे इतके पटले की माझ्या परिपत्रकाच्या सुधारित आवृत्तीत मी ते वाक्य जसेच्या तसे घातले.

नाझर जागे झाले तेव्हा ताईने विचारले, “अण्णा, पासवर्ड सांगू?”

“नको,” ते घाईने म्हणाले. “मला सांगू नको. मला म्हाईत नसलं तर उलटतपासणीत माझ्याकडनं निघायचं न्हाई.” आणि मोबाइल तिच्या हातात दिला. “तूच घाल. मी तिकडं बघतो.” ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुढेही मी त्यांना तसे उभे पाहिले. घरात नवा मोबाइल आला, की लेक शब्द घालायची आणि बाप भिंतीकडे बघायचा.

दोन उन्हाळे त्यांनी निवांत काढले. सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला पुन्हा ‘समक्ष काय’ विचारू लागले होते. एका सकाळी उठलेच नाहीत. मला बोलवायला ताई स्वतः आली. मी गेलो, पाहिले आणि खूप वेळ त्यांच्या पायाशी बसून राहिलो. त्यांच्या जाण्यात क्लेश नव्हता आणि लेकीच्या नावावर डाग नव्हता. दोन्ही गोष्टींबद्दल मी कोणाचे आभार मानावेत हे मला ठाऊक नाही, पण मानतो.

परंतु डाग नव्हता, हे विधान अपुरे आहे. पोलिसांनी लिहून दिले, शाळेने लिहून दिले. कंपनीने नाही. मी चार स्मरणपत्रे पाठवली. प्रत्यक्ष जाऊन व्यवस्थापकाला भेटलो. तो म्हणाला, “काका, मॅटर मिटलं की आता. कशाला उकरताव?” मॅटर मिटलेले नाही. ‘ग्राहकाने अथवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीने’ हे शब्द त्याच्या सहीनिशी कंपनीच्या दप्तरात आजही उभे आहेत. त्या कुटुंबात व्यक्ती दोनच होत्या. एक आता नाही. दुसरी रोज सकाळी शाळेत जाते, आणि उद्या कोणी ते पत्र पुन्हा बाहेर काढले तर तिला पुन्हा उभे राहावे लागेल; या वेळी शेजारी तिचे वडील नसतील.

म्हणून मी त्या कंपनीला आणि त्या व्यवस्थापकाला जाहीर विचारणा करतो. खाजगी दिलगिरी नको, दूरध्वनी नको, चहाला बोलावणे नको. शहरातल्या वृत्तपत्रात, ठळक अक्षरात, स्वतःच्या नावानिशी उत्तर द्या. पौर्णिमेच्या त्या पहाटे आज्ञा कोणी दिली? इतर घरांना ती आजतागायत का कळवली नाही? आणि ज्या बाईने बटण दाबले नाही, तिने ते दाबले, असे तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिले?

ते वाक्य मागे घ्या. मी वाट पाहत आहे, आणि माझ्याकडे कागद पुष्कळ आहे.